कप्तानच्या गाडीतला आवाज

मी ज्या लॉन्ड्रीत काम करते ती घरगुती कपड्यांची नाही. आसपासच्या दवाखान्यांमधल्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे असं सगळं तिथे गाठोड्यांतून येतं, उकळत्या पाण्यातून निघतं आणि गरम रुळांवरून सरकत माझ्या हाताखाली घडीला येतं. लॉन्ड्री टेकडीच्या पायथ्याला आणि आमची वस्ती वर. मधला रस्ता म्हणजे नुसता उतार आणि वळणं. एका बाजूला कठडा आहे, पण तो असून नसल्यासारखाच. या रस्त्याने आम्हा आठ-दहा बायकांना रोज व्हॅनमधून नेणारी-आणणारी बाई म्हणजे कप्तान.

हे नाव तिला गाडीतच पडलं. एकदा वळणावर समोरून ट्रक आडवा आला, गाडी जागेवर थांबली आणि मागच्या सीटवरच्या दोघी घाबरून दार उघडायला लागल्या. ही मागे न बघता म्हणाली, "मी सांगितल्याशिवाय कुणी उतरायचं नाही." आवाज चढवला नव्हता, पण दोघींचे हात दारावरून आपोआप मागे आले. त्या दिवसापासून ती कप्तान. तिचं खरं नाव माझ्याही तोंडात येत नाही आता.

व्हॅन आधी तिचा नवरा चालवायचा. त्याला सगळे मिस्त्री म्हणत, कारण उभा जन्म त्याचा गाड्यांखाली गेला होता. हाताला यश असलेला माणूस. इंजिनावर हात ठेवून दुखणं सांगायचा. पुढे त्याच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. नजर दोन्ही बाजूंनी बुजत आली. समोरचं स्वच्छ दिसायचं, बाजूचं काही नाही. नळीतून जग बघावं तसं. एकदा बाजारात बाजूने आलेली सायकल त्याला दिसलीच नाही. सायकलवाल्याला फक्त खरचटलं, पण घरी येऊन मिस्त्रीने किल्ली बायकोपुढे ठेवली आणि म्हणाला, "आजपासून तू."

त्यानेच तिला शिकवलं. पहिले काही दिवस शेजारी बसून तिला गिअर कसा टाकायचा, उतारावर गाडी कशी धरायची ते सांगायचा. आम्हा बायकांना भारी कौतुक. माझा नवरा मला साध्या स्कूटरला हात लावू देत नाही, आणि हा बघा! मी तर घरी जाऊन ऐकवायचेसुद्धा.

मिस्त्री मग घरी राहिला. त्याची म्हातारी आई, ती, तो आणि अंगणातली गाडी. बिघाड झाला की तोच दुरुस्त करणार, हे ठरलेलंच. आणि बिघाड होत राहिले. कधी पुढचा दिवा लागायचा नाही. कधी बॅटरीची तार सैल झालेली. कप्तानला एकदा बहिणीकडे राहायला जायचं होतं, बॅग भरून गाडीत ठेवली, तर चाक बसलेलं. एकदा पाण्याचा रबरी पाइप फुटला आणि आम्ही सगळ्या वाफेत उभ्या. दर वेळी मिस्त्री बाह्या सरसावून यायचा, तासाभरात गाडी चालू करायचा, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर असं काही समाधान दिसायचं की आपल्यालाच बरं वाटावं. "म्हातारी झाली बिचारी," असं तो गाडीच्या टपावर थाप मारून म्हणायचा.

आम्ही हसायचो. कप्तानही हसायची. पण हळूहळू तिचं हसणं उशिरा यायला लागलं होतं, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

मग लॉन्ड्रीच्या मॅनेजरने तिला बोलावलं. लॉन्ड्री स्वतःची मोठी बस घेणार होती, सगळ्या वस्त्यांमधून कामगार आणायला. बस चालवायला कप्तान हवी होती. गाडी कंपनीची, तिची देखभाल कंपनीच्या गॅरेजात. म्हणजे अंगणातली व्हॅन विकायला हरकत नव्हती. कप्तानने घरी सांगितलं तेव्हा मी तिथेच होते, शिवायला दिलेलं पोलकं न्यायला आले होते. मिस्त्री चहा पीत होता. कप खाली न ठेवता म्हणाला, "घे की. चांगलं आहे. एवढी माणसं, एवढी मोठी गाडी. मला अभिमान वाटेल." म्हातारी सासू कोपऱ्यात लसूण सोलत होती. तिने मान वर केली, मुलाकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. आता आठवतं ते. तेव्हा नाही कळलं.

हो की नाही ते मॅनेजरला सांगायचं होतं सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी.

सुट्टीच्या दिवशी मिस्त्री दुसऱ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात डोळे तपासायला निघाला. तिथल्या आपल्या बहिणीकडे राहून दोन दिवसांनी परत येणार होता. कप्तान त्याला स्टँडवर सोडणार म्हणून तिने गाडी सुरू केली. आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे तो आवाज मीही ऐकला. टक्. टक्. टक्. टक्. एका लयीत, कुणी आतून नखाने वाजवावं तसा. तिने ॲक्सिलरेटर दाबला तशी लय वाढली. मिस्त्रीने हात वर केला. "बंद कर, बंद कर."

बॉनेट उघडून त्याने आत डोकावलं. फार वेळ नाही लागला त्याला.

"पट्टा गेलाय," तो म्हणाला. "नवा मी आणून ठेवलाय, कपाटावर आहे. पण मी आल्यावर घालीन. तोवर गाडी हलवायची नाही."

"उद्या बायकांना न्यायचंय. मॅनेजरला भेटायचंय."

"अगं, हा तुटला की स्टिअरिंग दगडासारखं जड होतं, उतारावर वळवता यायचं नाही तुला. एक दिवस गेला तर काय बिघडतं? फोन करून कळव त्यांना." मग तिच्या खांद्यावर हात ठेवून, "माझं ऐक. हलवायची नाही," म्हणून तो पिशवी उचलून पायीच स्टँडकडे गेला.

कप्तान अंगणात उभी होती. मी कुंपणावरून विचारलं, "आता गं?"

तिने विचार केला असेल तो तेवढाच, गेट लागेपर्यंतचा. "तुला हात काळे करायला चालतील?" असं ती म्हणाली.

असं मी तिच्याबरोबर त्या दिवशी पट्टा बदलला. मला वाटलं होतं काही तरी अचाट काम असेल. तसं नव्हतं, पण जीव एकवटून करायचं काम होतं. इंजिनाच्या पुढच्या बाजूला चाकांसारख्या पुल्या असतात, त्या सगळ्यांतून एकच लांबलचक चपटा पट्टा नागमोडी फिरतो. एक पुली वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरची, एक पाण्याच्या पंपाची, एक स्टिअरिंगच्या पंपाची. एक पुली स्प्रिंगवर असते, ती पट्टा ताणून धरते. कप्तानने हे सगळं नवऱ्याच्या शेजारी उभं राहून बघितलेलं होतं. कधी हात लावायला मिळाला नव्हता, एवढंच.

आधी तिने बॅटरीची तार काढली. मग मोबाइलवर पट्ट्याचे फोटो काढले, वरून, बाजूने. "एकदा निघाला की कुठून कसा गेला होता ते आठवणार नाही," ती म्हणाली. लांब पाना स्प्रिंगच्या पुलीवर अडकवून तिने सगळा भार टाकला. पाना सरकेना. मीही हात लावला. दोघी लोंबकळलो तेव्हा कुठे पुली हलली, पट्टा सैल पडला आणि तिने दुसऱ्या हाताने तो वरच्या पुलीवरून ओढला. "आता हळू सोड. एकदम सोडलास तर मनगट जाईल माझं." मी इतका हळू सोडला की माझ्या दंडाला कापरं भरलं.

पट्टा बाहेर आला. काळा, धुळीने माखलेला. ती तो हातातून सरकवत तपासायला लागली. आतल्या बाजूला उभ्या धारी असतात, त्या झिजल्या की बारीक भेगा पडतात. तशा भेगा होत्या थोड्या. बोटं सरकत गेली आणि एके ठिकाणी थांबली.

"हे बघ," ती म्हणाली.

काठापासून आत, पट्ट्याच्या जवळजवळ अर्ध्यापर्यंत एक चीर होती. मी म्हटलं, "याच्यामुळेच वाजत होतं ना? जुनं झालं की फाटतंच."

तिने चिरेची दोन्ही तोंडं अंगठ्यांनी उघडली. आतलं रबर काळंभोर, नवं, चमकतं होतं. आतले दोरे एका रेषेत कापलेले. मी दिवसभर कापड हाताळते. फाटलेलं काय आणि कापलेलं काय, हे मला कुणी सांगायची गरज नाही.

"ब्लेड," मी म्हणून गेले.

"हं."

अंगणात उन्हाची तिरीप होती, शेजारी कुणाचा रेडिओ चालू होता. आम्ही दोघी बॉनेटखाली वाकलेल्या, आणि मला उगाचच वाटलं की मागे कुणीतरी उभं आहे. वळून पाहिलं तर सासूबाई दारात चहाचे कप घेऊन उभ्या. त्यांची नजर कप्तानच्या हातातल्या पट्ट्यावर. त्यांनी कप पायरीवर ठेवले आणि आत गेल्या.

"यांनी आधीच नवा आणून ठेवला होता," कप्तान स्वतःशीच म्हणाली. मग तिने एकेक आठवायला सुरुवात केली. आठवताना ती माझ्याकडे बघत नव्हती, इंजिनाकडे बघत होती. बॅटरीची तार सैल झाली तो दिवस, तिला बँकेत एकटीला जायचं होतं. चाक बसलं तो बहिणीचा दिवस. पाण्याचा पाइप फुटला त्याच्या आदल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी तिच्या ड्रायव्हिंगचं नवऱ्यासमोर तोंड भरून कौतुक केलं होतं. ते करणाऱ्यांत मीच पुढे होते.

"दिवा, तार, चाक, पाइप, पट्टा," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी थोडं पुढे."

"आणि पुढचं काय गं?" मी विचारलं.

ती गाडीखाली गेली. टॉर्च लावून बराच वेळ काही बघत राहिली. मग मला खाली बोलावलं. चाकाजवळ ब्रेकचं तेल जाणाऱ्या नळीच्या नटावर पान्याच्या ताज्या खुणा होत्या, धुळीत उघडा पडलेला पांढरा धातू. तेल कुठे गळत नव्हतं. नट घट्ट होता. कदाचित त्याने ब्रेकचं तेल बदललं असेल. बदललं असेल तर सांगितलं का नाही? आम्ही दोघी तिथे पाठीवर पडून त्या खुणांकडे बघत राहिलो. त्या कसल्या होत्या, हे आजही मला माहीत नाही.

तरीही तिने नवा पट्टा घातला. घाई केली नाही. फोटो बघत एकेका पुलीवरून नेला, धारी खाचेत नीट बसल्या का ते बोटाने चाचपलं, मधे एक पुली हाताने फिरवून कान लावून ऐकलं. शेवटी पुन्हा दोघी पान्यावर लोंबकळलो आणि पट्टा जागेवर चढला. तार जोडून तिने गाडी सुरू केली. इंजिन नुसतं घुमत होतं, बाकी काही आवाज नाही. एरवी आम्ही टाळ्या पिटल्या असत्या.

संध्याकाळी तिने मला घरी बसवून घेतलं. एकटीला आत जायचं नव्हतं तिला. सासूबाई शेगडीपाशी होत्या. कप्तानने पट्टा त्यांच्यासमोर ओट्यावर ठेवला.

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

म्हातारीने पदराने हात पुसले. बराच वेळ पुसत राहिली. "लहानपणी त्याचा बाप कामावर निघाला की तो बापाच्या सायकलीची चेन पाडून ठेवायचा," ती म्हणाली. "मग स्वतःच बसवून द्यायचा. बाप पाठीवर थाप मारायचा. आम्ही हसायचो गं. त्याच्या हाताला काम असलं ना, की तो चांगला असतो. तू काम काढून घेऊ नकोस त्याचं."

"गाडीत दहा बायका असतात, आई."

"मला माहीत आहे," म्हातारी म्हणाली आणि गॅस बारीक केला.

दुसऱ्या दिवशी आम्ही कामाला गेलो. त्या उतारावर मी आयुष्यात पहिल्यांदा कठड्याकडे बघत होते. बाकीच्यांना काही माहीत नसलं तरी कप्तानचा चेहरा सगळ्यांना दिसत होता. लॉन्ड्रीत गेल्या गेल्या ती मॅनेजरला भेटली आणि हो म्हणून आली.

मिस्त्री ठरल्याप्रमाणे परत आला. तिने मला पुन्हा बोलावून घेतलं होतं. तो अंगणात शिरला तो सरळ गाडीकडे. बॉनेट वर केलं आणि मान एका बाजूला वळवून, नळीतून बघावं तसं बघत राहिला.

"कुणी घातला?"

"मी," कप्तान म्हणाली.

त्याने पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला. "ताण बरोबर आहे," तो म्हणाला. "छान बसवलास." आणि हे सांगताना त्याचे डोळे भरून आले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आनंदाने की कशाने, देव जाणे.

तिने जुना पट्टा त्याच्या हातात दिला. चीर वर धरून.

"जुना झाला की असा जातो," तो म्हणाला.

"अहो, मी तुमच्याकडूनच शिकले. जुनं रबर असं जात नाही."

तो पायरीवर बसला. पट्टा मांडीवर. मला वाटलं आता चिडेल, ओरडेल, मला घराबाहेर काढेल. तसं काही झालं नाही. तो अगदी नेहमीच्या आवाजात बोलला, आणि तेच मला जास्त भीतिदायक वाटलं.

"फक्त आवाज यावा एवढाच कापला होता. तुटला नसता. मला अंदाज असतो."

"आणि आवाज आला नसता तर? मी तशीच उतारावर नेली असती तर?"

"येणारच होता. आणि मी सांगितलं होतं ना तुला, हलवायची नाही म्हणून." तो तिच्याकडे बघून हसला, लहान मुलाला समजावताना हसतात तसं. "तू ऐकतेस माझं."

"ब्रेकच्या नटावर खुणा कसल्या आहेत?"

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे वळायला त्याला सगळी मान फिरवावी लागली. "कुठल्या खुणा?" तो म्हणाला. "मला तर आजकाल नीटसं दिसतही नाही."

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत व्हॅन गेली. विकत घेणाऱ्याला कप्तानने आधी ती दुसऱ्या गॅरेजात नेऊन सगळी तपासायला लावली, स्वतः उभी राहून. कंपनीची बस आली. आम्ही सगळ्या नव्या सीटवर बसलो, खिडक्यांना पडदे, आणि पुढे आमची कप्तान. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, सगळं मार्गी लागलं.

पण घरात नळ गळायला लागला. मग पंख्याची पाती कुरकुरायला लागली. मग मागच्या दाराची कडी लागेना. मिस्त्री प्रत्येक गोष्ट दुरुस्त करायचा, शीळ घालत. कप्तान मला कुंपणावरून एकेक सांगायची. मी म्हणायचे, त्याच्याशी बोल, डॉक्टरला दाखव, त्याच्या बहिणीला सांग. तिने सगळं केलं. डॉक्टरकडे तो चांगला वागला. बहिणीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वहिनी, तो एवढा जीव टाकतो तुमच्यावर."

एका सकाळी ती कामावर निघताना स्वयंपाकघरात शिरली आणि तिला गॅसचा वास आला. बारीकसा. शेगडीची नळी जिथे बसते तिथून. तिने कॉक बंद केला, खिडक्या उघडल्या, सासूबाईंना उठवलं. मिस्त्री दारात आला. हातात पाना होताच.

"थांब, मी बघतो," तो म्हणाला.

ती थांबली नाही. तिने सासूबाईंना म्हटलं, "चला माझ्याबरोबर." म्हातारी हलली नाही. मुलाच्या दंडाला धरून उभी राहिली. कप्तान एकटीच बाहेर आली, बस काढली, आम्हाला घेतलं. त्या दिवशी तिने गाडी नेहमीपेक्षा हळू चालवली. संध्याकाळी ती आमच्याबरोबर वर आली नाही. लॉन्ड्रीच्या मागे कामगारांसाठी खोल्या आहेत, त्यातली एक तिने मागून घेतली.

आता ती तिथेच राहते. बस रात्री लॉन्ड्रीच्या आवारात कुलपात असते. सासूबाईंची खुशाली ती माझ्याकडून घेते. मी रोज भिंतीपलीकडे कान देते. गॅसची नळी मी स्वतः जाऊन नवी बसवून घेतली, गॅसवाल्याला बोलावून. मिस्त्री शेजारी उभा राहून बघत होता. आता भिंतीपलीकडून कधी हातोडीचा आवाज येतो, कधी नाही. येत नाही तेव्हा मला जास्त घोर लागतो.

मी तिला परवा विचारलं, "राग येतो का गं त्याचा?"

ती बसच्या काचा पुसत होती. "राग आला असता तर सोपं होतं," ती म्हणाली. "मला काही शिकवायचे तेव्हा माझा हात धरून शिकवायचे. अजून गिअर टाकताना तो हात जाणवतो." मग फडकं पिळून तिने पुढची काच घेतली.

सुट्टीच्या दिवशी मिस्त्री उतारावरून चालत खाली येतो. बाजूचं दिसत नाही, म्हणून कठड्याला हात लावत येतो. आवाराच्या फाटकाशी उभा राहतो, हातात हत्यारांची पिशवी. वॉचमन त्याला आत सोडत नाही, कप्तानने तसं सांगून ठेवलंय. तो तिथूनच बसकडे बघतो, मान थोडी थोडी फिरवत, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत. मग परत चढायला लागतो. तो दिसेनासा झाला की कप्तान खोलीतून बाहेर येते आणि बसखाली वाकून बघते.